सुरेखाने न घेतलेली पोच

हरकतीचा अर्ज घेऊन सुरेखा आमच्या ऑफिसात आली तो मुदतीचा तेरावा दिवस होता. मुदत चौदा दिवसांची होती. म्हणजे ती वेळेत आली होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे कोर्टात याच एका गोष्टीवर दोन वर्षं गेली.

आमचं ऑफिस शनिवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. साहेब जमिनीच्या कामातले नावाजलेले वकील. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. मी त्यांच्याकडे पॅरालीगल होतो. पूर्वी याला वकिलाचा कारकून म्हणत. आता व्हिजिटिंग कार्ड मिळतं, काम तेच आहे. वकील कोर्टात उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात जो कागद असतो तो शोधणं, वाचणं, टाइप करणं, फाइलला लावणं आणि तारखा सांभाळणं हे आमचं काम. सही वकिलाची.

त्या आठवड्यात माझ्या टेबलावर हिंजवडीच्या पलीकडच्या एका गावातल्या जमिनीची फाइल होती. एक डेव्हलपर ती जमीन दोन भावांकडून विकत घेत होता. अशा खरेदीआधी टायटल सर्च करतात. मागच्या तीस वर्षांत जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, तिच्यावर कर्ज किंवा दावा आहे का, ते बघायचं. मग पेपरात जाहीर नोटीस द्यायची की अमुक जमीन आमचे अशील घेत आहेत, कोणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावं, नाही तर तसा हक्क नाही असं समजण्यात येईल. चौदा दिवसांत कोणी आलं नाही की साहेब रिपोर्टवर सही करायचे. त्या सहीवर खरेदी व्हायची.

नोटीस कुठल्या पेपरात द्यायची ते मी ठरवायचो. या धंद्यात असा एक पेपर ठरलेला असतो जो स्टॉलवर दिसत नाही आणि कोणाच्या दारात पडत नाही. नोटीस दिली हेही खरं राहतं आणि कोणी वाचली नाही हेही. मी ही नोटीस तशाच पेपरात दिली होती. सातबाऱ्यावर दोन भावांचीच नावं होती. त्यांना एक बहीण आहे हे सातबाऱ्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

"दातार, ओळखलंस का?" टेबलासमोर उभी राहून ती म्हणाली.

वीस-बावीस वर्षांनी बघत होतो. केस अर्धे पांढरे, खांद्याला कापडी पिशवी. मी उठून उभा राहिलो. अशिलासाठी मी कधी उठत नसे.

सुरेखा आणि मी एका बाकावर शिकलो. संध्याकाळचा पॅरालीगलचा डिप्लोमा, एक वर्षाचा, सहा ते आठ. मी बी.कॉम. करून एका टॅक्स कन्सल्टंटकडे चलनं भरत होतो. एलएल.बी. करायचं मनात होतं. वडील अचानक गेले, ते मनातच राहिलं, आणि हा डिप्लोमा हाती आला. सुरेखा रोज गावाहून यायची. तेव्हा तिकडे आयटी पार्कांची नुसती कुंपणं पडत होती. तिच्या वडिलांना ती आण्णा म्हणायची. आण्णांनी तिला कोर्सला का घातलं ते तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं. घरात कोणाला तलाठ्याचं अक्षर लागत नव्हतं. मुलगे ट्रॅक्टरवर बसायला तयार, कागदावर बसायला नाही. आण्णा म्हणाले, पोरीला सातबारा वाचता आला पाहिजे.

मला तो तिनेच शिकवला. पुस्तकात वाचून माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. ती घरून जुना उतारा घेऊन आली आणि बाकावर पसरून बसली. गोलात लिहिलेला आकडा म्हणजे फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीत झालेला बदल. कंसात गेलेलं नाव म्हणजे त्या माणसाचा हक्क संपला. "नाव खोडत नाहीत रे, कंसात टाकतात," ती म्हणाली. "म्हणजे दिसत राहतं, पण उपेग नाय." मी तिचं इंग्रजी ड्राफ्टिंग सुधारायचो. तिला ते माझ्यापेक्षा लवकर यायला लागलं. मी सुधारत राहिलो.

शिकवायला निसळ सर होते. कोर्टातून अधीक्षक म्हणून रिटायर झालेले. वर्ग भरला की पहिलं वाक्य ठरलेलं. "वकिलाला काळा कोट मिळतो. तुम्हाला मिळणार नाही. तेव्हा निदान फाइल तरी नीट लावा." सरांची बरीच वाक्यं मला आजही पाठ आहेत. पेपरातल्या जाहीर नोटिशी रोज वाचायच्या, आणि ज्या पेपरात वाचण्यासारखं काहीच नसतं त्यातल्या आधी वाचायच्या. उलटतपासात साक्षीदाराला 'का' विचारायचं नाही. विचारलं तर तो सांगतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पोच. कुठेही कागद देताना दोन प्रती न्यायच्या. एक त्यांना द्यायची. दुसरीवर त्यांचा शिक्का, सही, तारीख आणि वेळ घेऊन ती आपल्याकडे ठेवायची. ती पोच. "सख्ख्या भावाला कागद दिलात तरी पोच घ्या," सर म्हणायचे. "पोच नाही म्हणजे कागद दिलाच नाही."

वर्ग सुटला की मी सुरेखाबरोबर मनपाच्या बसस्टँडपर्यंत चालत जायचो. माझं घर उलट्या दिशेला होतं. हे तिला तीन महिन्यांनी कळलं. त्या दिवसापासून ती थोडी हळू चालायला लागली. शेवटच्या पेपरनंतर मी एक वाक्य ठरवून आलो होतो. बस लागली. ती पायरीवर चढून वळली आणि म्हणाली, "काय?"

मी म्हणालो, "नोट्सची झेरॉक्स देशील का?"

वर्षभरात तिच्या लग्नाची पत्रिका आली. सासर भोरकडचं. मी गेलो नाही. पुढे माझंही लग्न झालं. संसार नीट झाला. तक्रार करावी असं त्यात काही नाही.

तर ती टेबलासमोर बसली. मी चहा सांगितला. नोटीस तुला दिसली कशी, असं विचारलं.

"तो पेपर लावलाय मी. सर सांगायचे ना? आमच्या गावात एकटी मीच घेते. पेपरवाला विचारतो, ताई, ह्यात वाचायला काय हाय?"

ती हसली. मी हसलो नाही, कारण तो पेपर निवडणारा मी होतो. तिला हे सांगायची गरज नव्हती. नोटिशीखाली आमच्या ऑफिसचा पत्ता होता आणि पेपर कोण निवडतं हे आम्हा दोघांना एकाच बाकावर शिकवलं होतं.

आण्णा गेले होते. भावांनी तलाठ्याकडे वारस नोंदवताना दोनच वारस सांगितले. हे गावोगाव होतं. बहीण आहे हे कोणी लपवत नाही, फक्त सांगत नाहीत. सुरेखा आता तालुक्याच्या विधी सेवेत पॅरालीगल व्हॉलंटियर होती. कोर्टाची पायरी चढायला घाबरणाऱ्या बायकांना अर्ज लिहून द्यायचे, सोबत जायचं. दुसऱ्यांच्या वारस नोंदी तिने करून दिल्या होत्या. स्वतःची राहिली होती.

"मला अख्खा हिस्सा नकोय," ती म्हणाली. "विहिरीजवळचे पाच-सहा गुंठे, आणि सातबाऱ्यावर नाव. आण्णांनी सातबारा वाचायला मला पाठवलं, आणि त्यात मीच नाही. वाचायचं तरी काय मग?"

अर्ज दोन पानी होता. स्वच्छ, मुद्देसूद, कुठे एक शब्द जास्त नाही. मी वाचला आणि सवयीने शिक्क्याकडे हात नेला. तिच्या पिशवीत दुसरी प्रत असणार हे मला माहीत होतं. ती तोपर्यंत शहरातलंच मराठी बोलत होती. माझा हात शिक्क्यावर बघून एकदम गावचं बोलली.

"पोच कशाला? तू हायस की."

मी शिक्का परत पॅडवर ठेवला.

संध्याकाळी अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. हरकत आली की रिपोर्ट थांबतो. रिपोर्ट थांबला की रजिस्ट्रेशन थांबतं. शुक्रवारचा स्लॉट घेतलेला होता. साहेबांनी दोन्ही पानं वाचली. राग वगैरे काही नाही. साहेब रागावत नसत.

"पोच दिलीत?"

"नाही."

"आवक रजिस्टरला घेतलंत?"

"अजून नाही."

"मग आलं कुठे?" असं म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि दुसरी फाइल उघडली.

त्यांनी मला काहीही करायला सांगितलं नाही. हे मी त्यांच्या बचावासाठी लिहीत नाही. त्या वाक्याचा अर्थ आम्हा दोघांनाही समजला होता. पण मी रजिस्टर उघडून नोंद केली असती तर ते माझा हात धरायला आले नसते. मला दुसरी नोकरी मिळाली असती. चाळिशी उलटलेल्या अनुभवी पॅरालीगलला पुण्यात काम कमी नसतं. शुक्रवारी मी रिपोर्ट टाइप केला. शेवटून दुसरा परिच्छेद असा: विहित मुदतीत कोणाचीही हरकत प्राप्त झाली नाही. सुरेखाचा अर्ज मी बॅगेतून घरी नेला आणि कपाटात, माझ्या डिप्लोमाच्या सर्टिफिकेटखाली ठेवला. फाडून टाकता आला असता. तो विचारही आला नाही.

पुढच्या बुधवारी दुपारी दीड वाजता तिचा फोन आला. बुधवारी तिची तालुक्याला ड्यूटी असायची. जेवणाच्या सुट्टीत तिने विचारलं, "माझ्या अर्जाचं काय झालं?"

खरेदीखत होऊन पाच दिवस झाले होते. मी म्हणालो, "साहेबांच्या टेबलावर आहे. वेळ लागतो याला."

"लागू दे," ती म्हणाली. मग निसळ सरांचा विषय निघाला. ते गेल्याचं तिला माहीत नव्हतं. मग मनपाचं जुनं बसस्टँड, तिथला भेळवाला. वीस मिनिटं झाली.

त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा फोन आला. मी पुन्हा तेच सांगितलं.

आता जे लिहिणार आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. साहेबांना नाही, कोर्टाला नाही, बायकोलाही अर्धंच. लोकांना वाटतं मी नोकरीला घाबरून कागद दडवला. पहिले पाच दिवस तसं होतंही. त्यानंतरचे अकरा महिने तसं नव्हतं. तिला खरं सांगितलं असतं तर ती त्याच दिवशी वकील गाठून दावा लावायला गेली असती आणि माझ्याशी बोलण्याचं कारण संपलं असतं. अर्ज माझ्याकडे पेंडिंग होता तोवर ती दर बुधवारी फोन करणार होती. मी ऑफिसात डबा दीडच्या आधी संपवायला लागलो. बुधवारी रजा घेणं बंद केलं. ती अर्जाबद्दल दोन मिनिटं विचारायची आणि उरलेली अठरा मिनिटं आम्ही बोलायचो. तिच्या लेकीचं बाळंतपण, माझ्या मुलीचं कॉलेज, एका बाईला तिने पोटगी कशी मिळवून दिली ते. एकदा म्हणाली, "तू तेव्हा बसस्टँडवर झेरॉक्स मागितलीस ना, मला वाटलं होतं काहीतरी वेगळं मागशील." आणि पुढच्या वाक्यात तहसीलदाराच्या साइटबद्दल बोलायला लागली. मी त्या एका वाक्यावर तीन-चार महिने काढले.

त्या अकरा महिन्यांत मी तिला चाळीसेक वेळा तरी सांगितलं असेल की चालू आहे.

शेवटचा फोन बुधवारी आला नाही. सोमवारी सकाळी आला.

"इंडेक्स टू काढली मी," ती म्हणाली. रजिस्ट्रेशन झालेल्या प्रत्येक दस्ताचा एक गोषवारा सरकारकडे असतो, त्याला इंडेक्स टू म्हणतात. कोणालाही काढता येतो. तिला इतके दिवस काढावासा वाटला नव्हता, कारण मी होतो. "माझा अर्ज दिला त्याच्या तिसऱ्या दिवशी खरेदीखत झालंय. काल गावाला जाऊन आले. विहीर बुजवलीय."

मी समोरची फाइल मिटली.

"तू सांगायला पाहिजे होतंस, दातार." आवाज चढला नव्हता. "नुसतं सांगायचं तरी."

पुढच्या बुधवारी मी डबा दीडच्या आधी संपवला. फोन आला नाही.

महिन्याभराने दाव्याची प्रत ऑफिसला आली. तिने वाटपाचा दावा लावला होता. भाऊ आणि डेव्हलपर प्रतिवादी. डेव्हलपर आमचा अशील, म्हणून कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचं उत्तर, आमच्याकडे. दावा वाचून तारखांची यादी काढायचं काम नेहमीप्रमाणे माझं.

सातव्या परिच्छेदात लिहिलं होतं की वादीने मुदतीच्या तेराव्या दिवशी सदर वकिलांच्या ऑफिसात लेखी हरकत समक्ष दिली. पोच घेतलेली नाही. समक्ष कोणाला दिली ते लिहिलं नव्हतं. एवढा मोघम परिच्छेद निसळ सरांनी लाल शाईने गोल केला असता. कोणाला दिली, हे नाव न लिहिल्याने तिचीच केस कमजोर होत होती, आणि तिला ते कळत नव्हतं असं कसं म्हणणार? तिने माझं नाव वगळलं होतं.

साहेबांनी कैफियतीचे मुद्दे सांगितले. आमच्या अशिलाने जाहीर नोटीस देऊन, कोणाची हरकत नाही याची खात्री करून, प्रामाणिकपणे जमीन घेतली. वादी वर्षभर झोपली होती. आता इमारत उभी राहतेय, तेव्हा तिला जाग आली. सातव्या परिच्छेदातला मजकूर खोटा आहे व तो नाकारण्यात येतो.

मी हे टाइप केलं. 'खोटा आहे' पर्यंत आलो आणि थांबलो. घरी गेलो. मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, कपाटातला कागद दाखवला आणि अर्धी गोष्ट सांगितली. तिने अर्ज वाचला. खालची सही वाचली. तिला उरलेली अर्धी कळली असावी, कारण तिने काही विचारलं नाही. कागद घडी करून माझ्या हातात दिला. "दुसऱ्याची वस्तू आहे. देऊन ये," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेलो.

"साहेब, सातवा परिच्छेद मी टाइप करणार नाही. हरकत आली होती."

"रजिस्टरमध्ये आहे?"

"नाही. माझ्या घरी आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "दातार, कागद सांभाळायला मी तुम्हाला ठेवलं. तुम्ही फारच मनावर घेतलंत." मग म्हणाले, "आपण उद्यापासून येऊ नका. आज जाताना कपाटांच्या किल्ल्या टेबलावर ठेवा."

वाचकांपैकी कोणी या धंद्यात असेल तर विचारेल, म्हणून सांगतो. वकिलाप्रमाणे त्याच्या कारकुनालाही अशिलाची गुपितं फोडता येत नाहीत, नोकरी सुटल्यावरही नाही. मी त्या ऑफिसातला दुसरा एकही कागद बाहेर नेला नाही आणि दुसरी कुठली गोष्ट बोललो नाही. पण सुरेखाचा अर्ज हे अशिलाचं गुपित नव्हतं. तो तिचा कागद होता. तिने दिलेला आणि मी घेतलेला.

तिला मेसेज केला: मूळ अर्ज माझ्याकडे आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं. गुरुवारी अकरा, स्वारगेट, भोरची गाडी लागते तिथे.

ती आधीच येऊन बाकावर बसली होती. मी शेजारी बसलो. मध्ये तिची पिशवी. मी पाकीट दिलं. तिने अर्ज बाहेर काढून दोन्ही पानं पूर्ण वाचली, पाठीमागून उलटून बघितली, सही तपासली. मग पिशवीतून प्लास्टिकच्या फोल्डरमधला एक कागद काढला. अर्जाची दुसरी प्रत. त्या दिवशी माझ्यासमोर पिशवीतून बाहेरच न काढलेली.

पेन काढून तिने त्या प्रतीच्या कोपऱ्यात लिहिलं: मूळ अर्ज श्री. दातार यांच्याकडून आज समक्ष मिळाला. खाली सही, तारीख, आणि घड्याळात बघून वेळ. अकरा वीस. मग ती प्रत माझ्यापुढे धरली.

"हे कशाला?" मी म्हणालो. "राहू दे."

"घ्यायची असते," ती म्हणाली.

मी घेतली.

"ॲफिडेव्हिट करशील?"

"करीन."

"वकिलांचा नंबर पाठवते."

भोरची गाडी लागली होती. ती पिशवी खांद्याला लावून गेली, पायरीवर चढली. वळून 'काय?' असं या वेळी तिने विचारलं नाही.

साक्ष पुढच्या वर्षी झाली. मी आयुष्यभर साक्षीदारांना कोर्टात घेऊन गेलो, कुठे उभं राहायचं, कोणाकडे बघून बोलायचं ते सांगत आलो. स्वतः उभा राहिल्यावर हात कुठे ठेवायचे ते कळेना. साहेबांनी ते काम सोडलं होतं. डेव्हलपरकडून दुसरे वकील होते, त्यांनी उलटतपास घेतला.

"हा अर्ज तुम्ही रजिस्टरला नोंदवला नाहीत?"

"नाही."

"घरी नेलात?"

"हो."

"कोणी न्यायला सांगितलं?"

"कोणी नाही. मी नेला."

"वादी तुमच्या जुन्या ओळखीच्या आहेत. म्हणून आज त्यांच्या बाजूने खोटं बोलताय."

"ओळखीच्या आहेत. खोटं मी त्यांच्याशी बोललो होतो, ते मागे."

कोर्टात कोणीतरी हसलं. वकिलांना आता पुढचा प्रश्न दिसत होता. ओळख होती, तर कागद दडवला का? ते तोंड उघडणार तेवढ्यात त्यांच्या सिनियरनी मागून त्यांचा कोट ओढला. 'का' विचारायचं नाही. त्या सिनियरनाही कोणीतरी निसळ सर भेटलेले असणार. सुरेखा तिसऱ्या बाकावर होती, मांडीवरच्या फाइलकडे बघत. मला विचारलं असतं तर शपथेवर सांगावं लागलं असतं. त्याची मी रात्रभर तयारी केली होती. कोणी विचारलं नाही. म्हणून ते इथे लिहिलं.

निकाल लागला नाही, तडजोड झाली. साक्षीनंतर डेव्हलपरला केस ओढण्यात रस उरला नव्हता. सुरेखाला सहा गुंठे मिळाले, प्लॉटच्या कडेला, ओढ्याच्या बाजूला. विहिरीजवळचे नाहीत. विहिरीच्या जागेवर पार्किंग आहे. तिच्या वकिलांनी मला नंतर हिशेब घालून दाखवला. हरकतीची पोच असती, तर पहिल्याच महिन्यात मनाई हुकूम मिळाला असता. विहीर बुजली ती दहाव्या महिन्यात. म्हणजे मी तिच्याशी फोनवर बोलत होतो तेव्हा. त्यातला एखादा बुधवार तोच असेल.

मी आता तीन ज्युनियर वकिलांची ई-फायलिंगची कामं करतो, घरूनच. त्यांच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना कधीमधी शिकवतो. सातबारा हल्ली ऑनलाइन दिसतो. महिन्यातून एकदा मी तिकडचा तो गट नंबर टाकतो. गोलातला फेरफाराचा आकडा, आणि पुढे तिचं नाव. कंस नाही. बघतो आणि बंद करतो. तिचा फोन येत नाही. यावा असं कोणतंही काम आता माझ्याकडे पेंडिंग नाही.

कपाटात सर्टिफिकेटखाली आता तिने दिलेली पोच आहे. अकरा वीस.

नव्या मुलांना मी सरांचंच सांगतो, थोडं बदलून. कागद देताना पोच घ्या. जिथे विश्वास नसतो तिथे माणूस न सांगता घेतो. जिथे असतो तिथे आठवणीने घ्या.